टुंड्राचा निकाल, नेरूळचा चिखल

नवी मुंबईत पक्षी म्हणजे रोहित, हे समीकरण आता पक्कं झालंय. महापालिका शहराला ‘फ्लेमिंगो सिटी’ म्हणवते आणि सुट्टीच्या दिवशी सीवूड्सच्या तळ्यांवर गुलाबी रंग शोधत गाड्या येतात. तक्रार नाही. रोहितांमुळे लोकांची नजर खाडीकडे वळली, हे मान्यच करायला हवं. मी मात्र जुईनगरहून हार्बर लाइनने दोन स्टेशनं पुढे जाते ती रोहितांच्या पायाशी धावणाऱ्या, चिखलाच्याच रंगाच्या लहान पाखरांसाठी. छोटा टिलवा, बाकचोच तुतारी, सोनचिखल्या, करडा चिखल्या. यांतल्या बहुतेकांची घरटी सायबेरियाच्या टुंड्रात असतात. जुईनगर १९ अंश उत्तरेला, तैमिर द्वीपकल्प ७५ च्या आसपास. सरळ रेघ ओढली तरी अंतर सहा हजार किलोमीटरांच्या पुढे जातं. तिथला उन्हाळा यंदा कसा गेला, याचा बराचसा अंदाज आपल्या चिखलात उतरलेली पोरं मोजून बांधता येतो. हा नाद लागल्यापासून जे कळत गेलं, ते जमेल त्या क्रमाने मांडते.

१. जानेवारीची गणना वेगळी, सप्टेंबरची वेगळी

आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते. किती पक्षी आले, हे ती सांगते. किती जन्मले, हे तिला सांगता येत नाही, कारण तोवर यंदाच्या पोरांची पिसं झिजून, बदलून मोठ्यांसारखीच करडी झालेली असतात. टुंड्राचा निकाल वाचायचा तर ऑगस्टचा उत्तरार्ध ते ऑक्टोबरची सुरुवात, एवढाच काळ हाताशी असतो, आणि तो नेमका पावसाचा. छत्री खांद्यात अडकवून दुर्बीण स्थिर धरणं ही कला आहे. तिचा क्लास कुठे निघालेला नाही. मोठे आणि छोटे वेगळे काढून मोजलेला एक थवा मला ‘हजारो पक्षी दिसले’ या नोंदीपेक्षा मोलाचा वाटतो.

२. आधी मोठे येतात, पोरं मागाहून

नारळी पौर्णिमेच्या आगेमागे जी बाकचोच तुतारी उतरते ती प्रौढ. तिच्या पोटावर विणीच्या मोसमातला विटकरी रंग ठिगळाठिगळांनी शिल्लक असतो. पोरं येतात गणपतीत, कधी पितृपक्षात. त्यांच्या पाठीवरच्या प्रत्येक पिसाला फिकट कड असते, म्हणून पाठ खवलेदार दिसते; छातीवर हलकी बदामी झाक असते. टिलव्याच्या पोरांच्या पाठीवर दोन पांढऱ्या रेघा खाली एकत्र येतात. एकदा नजर बसली की चांगल्या उजेडात ही ओळख अवघड नाही.

बाकचोच तुतारीचा नर संसाराला थांबत नाही. मादी अंड्यांवर बसली की तो जून-जुलैतच दक्षिणेची वाट धरतो. पिल्लांचं सगळं मादी पाहते आणि ती उडती झाली की तीही निघते. म्हणजे गणपतीत आपल्यापुढे चिखल टोचणारं पोर कोणाच्या पाठोपाठ आलेलं नसतं. आईबापांनी त्याला वाट दाखवलेली नसते. अशी पोरं काय करू शकतात, याचा पुरावा २०२२ मध्ये मिळाला. उपग्रह टॅग लावलेला, पाच महिन्यांचा एक बार-टेल्ड गॉडविट अलास्काहून निघाला आणि ११ दिवस कुठेही न उतरता थेट टास्मानियाला पोचला. अंतर १३,५६० किलोमीटर. आपल्या टिलव्यांना तसला टॅग लावायची सोय नाही. त्यांचं वजनच मुळी वीस-तीस ग्रॅम.

मोजताना एक पथ्य पाळावं. पोरं माणसाला कमी बिचकतात, काठाजवळ चरतात. फक्त जवळचे पक्षी मोजले तर त्यांचा आकडा उगाच फुगतो. थवा या टोकापासून त्या टोकापर्यंत बघायचा.

३. रोहिताला आर्क्टिकचं विचारू नये

तो कच्छच्या रणात वीण करतो. त्याचं वर्ष तिथल्या पाण्यावर ठरतं. खाडीवर मोठ्या संख्येने दिसणारा छोटा वाळू-चिखल्याही टुंड्राचा नव्हे. आपल्याकडे येणारे बरेचसे तिबेट आणि मध्य आशियाच्या उंच पठारांवरचे. एकाच चिखलात शेजारी उभे असले म्हणून गाव एक असतं असं नाही.

४. टुंड्रा समजून घ्यायचा तर टिटवी बघावी

आर्क्टिकला जाणं आपल्यापैकी बहुतेकांना जमणारं नाही. टिटवी मात्र नवी मुंबईच्या कुठल्याही मोकळ्या प्लॉटवर भेटते. कुंपण घातलेल्या, बांधकाम रेंगाळलेल्या जागेत खडीतच खळगा करून ती चार अंडी घालते, निमुळती टोकं आत वळवलेली. टिलव्याचीही चारच, तशीच निमुळती, तशीच जमिनीवर. पिल्लंही तशीच: अंड्यातून बाहेर पडून पिसं सुकली की धावायला लागतात आणि स्वतःचं स्वतः टिपून खातात. आई भरवत नाही. ती पहारा करते आणि अंगाखाली घेते.

फरक आहे तो संकटाचा. मे महिन्यात आपल्याकडे अंडी उकडण्याची भीती. टिटवी पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते आणि सावली धरून उभी राहते. टुंड्रात भीती गारठ्याची. पिल्लाच्या अंगात पहिले काही दिवस स्वतःची ऊब राखायची ताकद नसते. थोडं खायचं, धावत येऊन आईच्या पोटाखाली शिरायचं, पुन्हा खायचं. पाऊस आणि वारा दोन-तीन दिवस लागून राहिला तर खाण्यापेक्षा शेकण्यातच वेळ जातो आणि पिल्लं भुकेने मरतात.

दुसरा फरक वेळेचा. टिटवीची अंडी कुत्र्याने खाल्ली तर ती पुन्हा घालते, तिच्याकडे महिने असतात. टुंड्रावरचा बर्फ जूनमध्ये हटू लागतो. खालची जमीन कायमची गोठलेली, त्यामुळे वितळलेलं पाणी मुरत नाही. जिकडे तिकडे डबकी साचतात आणि त्यांतून डासांची, चिलटांची झुंबड उठते. तीच पिल्लांची शिधासामग्री, आणि ती काही आठवडेच टिकते. अंडी उबवायला वीसेक दिवस, पिल्लू उडायला आणखी दोनेक आठवडे. बर्फ आठवडाभर उशिरा हटला तर हे सगळं आठवड्याने पुढे जातं. किड्यांचा बहर मात्र थांबत नाही. लोकमान्यांनी १९०३ च्या ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’मध्ये ध्रुवाकडच्या लांबलचक पहाटेची चर्चा केली आहे. या पक्ष्यांना पहाटेशी कर्तव्य नाही. ते पोचतात तेव्हा सूर्याने मावळणंच थांबवलेलं असतं. त्या चोवीस तासांच्या उजेडात टिलव्याची मादी एक युक्ती करते. चार अंडी घालून ती नराच्या हवाली करते, लगेच दुसऱ्या खळग्यात आणखी चार घालते आणि त्यांवर स्वतः बसते. एका उन्हाळ्यात दोन घरटी, शेजारी शेजारी चालवलेली.

५. आपल्या चिखलाचं श्रेय नेमकं किती

नवी मुंबईच्या चिखलातूनच सायबेरियाची अंडी घडतात, असं वाक्य भाषणात छान वाटतं. ते खरं नाही. २००१ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासात ग्रीनलंड आणि कॅनडातल्या चिखलपक्ष्यांच्या पिल्लांची कोवळी पिसं तपासली होती. अंडी ज्या अन्नापासून बनली ते दक्षिणेच्या किनाऱ्यावरचं नव्हतं, टुंड्रातच खाल्लेलं होतं. टिलव्याच्या चार अंड्यांचं वजन मिळून आईच्या वजनाच्या जवळपास जातं. तेवढं ओझं सहा हजार किलोमीटर वाहून नेणं शक्यही नाही.

मग आपला वाटा कोणता? इंधनाचा. मार्च ते मे या काळात हे पक्षी इथे चरबी चढवतात आणि तिच्यावर पहिला मोठा टप्पा गाठतात. जो कमी वजनाने किंवा उशिरा निघाला त्याची जूनची गाडी चुकते. आपला वाटा लहान नाही. तो जिथे आहे तिथेच दाखवावा, एवढंच.

६. नेरूळच्या पोरांची संख्या बऱ्याच अंशी उंदरांवर ठरते

या सगळ्या वाचनात मला सर्वांत जास्त चकित केलं ते लेमिंगने. लेमिंग म्हणजे टुंड्रातला आखूड शेपटीचा, गुबगुबीत उंदीर. त्याची संख्या तीन-चार वर्षांच्या फेऱ्यात चढते आणि कोसळते. भरभराटीच्या वर्षी ध्रुवीय कोल्हे, हिमघुबडं आणि स्कुआ यांना लेमिंग इतके सहज मिळतात की जमिनीवरची अंडी शोधायची तसदी ते फारशी घेत नाहीत. चिखलपक्ष्यांची पिल्लं वाचतात. कोल्ह्यांचीही वाचतात, आणि पुढच्या वर्षीची गोची तिथेच होते: लेमिंग कोसळलेले, कोल्हे मात्र वाढलेले आणि उपाशी. मग घरट्यामागून घरटी साफ होतात.

ही साखळी कोणी टुंड्रात बसून नव्हे, दक्षिणेत पक्षी मोजून ओळखली. नेदरलँड्सच्या रोसेलार यांनी १९७९ मध्ये बाकचोच तुतारीच्या पोरांच्या कमी-जास्त होण्याचा संबंध लेमिंगशी जोडला. १९८७ मध्ये समर्स आणि अंडरहिल यांनी दाखवलं की तैमिरहून पश्चिम युरोपात येणारे ब्रेंट हंस आणि तिथूनच दक्षिण आफ्रिकेपर्यंत जाणारे चिखलपक्षी यांची चांगली-वाईट वर्षं एकमेकांशी जुळतात. हंस गवत खातो, तुतारी किडे खाते. दोघांचे हिवाळे दोन खंडांत जातात. समान होता तो जन्माचा उन्हाळा आणि अंडी खाणारे कोल्हे. नंतर मॉस्कोच्या सोलोव्योव आणि टोमकोविच यांनी आर्क्टिकभरच्या निरीक्षकांकडून दर वर्षीची माहिती गोळा करण्याची पद्धत बसवली. बर्फ कधी हटला, जून-जुलैत थंडी किती, उंदीर किती, कोल्हे किती, वीण कशी झाली. प्रश्न साधे, पण वर्षानुवर्षं तेच विचारले म्हणून त्यांना किंमत आली.

एक गंमत सांगायलाच हवी. टुंड्रातला हंस कधी कधी घरटं बांधतो ते थेट हिमघुबडाच्या शेजारी. घुबड स्वतःच्या पिल्लांसाठी कोल्ह्याला हाकलतं, हंसाची अंडी फुकटात राखली जातात.

७. हिमाद्रीचं उत्तर आपल्याला लागू नाही

भारताचं आर्क्टिक संशोधन केंद्र ‘हिमाद्री’ २००८ पासून स्वालबार्डच्या न्यू-ऑलेसुंडला आहे. त्याचा कारभार गोव्यात वास्कोच्या ध्रुवीय संशोधन केंद्रातून चालतो. आपल्या टिलव्यांचं तिथे विचारता येईल असं वाटणं साहजिक आहे. पण स्वालबार्डवर लेमिंगच नाहीत. तिथला कोल्हा रेनडिअरची मढी, समुद्रपक्षी आणि हंसांच्या पिल्लांवर जगतो. आर्क्टिक एक नाही. आपल्या पक्ष्यांचा पत्ता सायबेरियाचा आहे आणि तिथली नोंद रशियनांकडेच मिळते.

८. एका वाईट वर्षावर अग्रलेख लिहू नये

२०१८ मध्ये ईशान्य ग्रीनलंडच्या झाकेनबर्गला जुलै सरत आला तरी बर्फ हटला नव्हता. फुलं नाहीत, किडे नाहीत, पक्ष्यांची वीण जवळपास शून्य. असं एखादं वर्ष चिखलपक्षी सोसतात. ते वर्षानुवर्षं जगतात. चांगला उन्हाळा आला की भरपाई करतात. म्हणून एखाद्या सप्टेंबरमध्ये पोरं दिसली नाहीत तर लगेच ‘खाडी मेली’ म्हणू नये, आणि भरपूर दिसली तर ‘प्रदूषण कमी झालं’ असंही म्हणू नये. दोन्ही मथळे मी वाचले आहेत.

शास्त्रज्ञांतही घाई होते. आर्क्टिकमध्ये घरट्यांची लूट काही दशकांत जवळपास तिप्पट झाली, असा निष्कर्ष २०१८ मध्ये ‘सायन्स’मध्ये आला, पुढच्याच वर्षी दुसऱ्या गटाने त्या आकडेमोडीवर आक्षेप घेतला. वाद चालू राहो. लांब पल्ल्याचा कल मात्र वाईटच आहे: ऑक्टोबर २०२४ मध्ये आययूसीएनच्या यादीत बाकचोच तुतारी आणि करडा चिखल्या दोघेही ‘असुरक्षित’ वर्गात गेले.

९. मे महिन्यात उरलेले करडे पक्षी आजारी नसतात

मोठे विटकरी होऊन निघून गेले तरी मे-जूनमध्ये चिखलावर थोडे करडे पक्षी उरतात. लोक विचारतात, हे जखमी आहेत का? बरेचसे गेल्या वर्षीची पोरं असतात. पहिला उन्हाळा ती इथेच काढतात. वीण करायची नसेल तर बारा हजार किलोमीटरांचा हेलपाटा कशाला? गेल्या सप्टेंबरच्या आकड्याचा हा एक ताळा समजावा.

१०. ऊब वाढली म्हणजे पिल्लांचं भलं झालं, असं नाही

थंडीने मरतात तर गरमी बरीच की, असं मलाही कोणी कोणी सुनावलं आहे. तैमिरमध्ये जन्मणाऱ्या रेड नॉट या चिखलपक्ष्याचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथला बर्फ ३३ वर्षांत दर वर्षी सरासरी अर्धा दिवस लवकर वितळत गेला. पक्षी आपल्या ठरल्या वेळी येतात. किड्यांचा बहर आधीच ओसरतो. लवकर वितळलेल्या वर्षांतली पिल्लं आकाराने लहान आणि आखूड चोचीची निघाली. ती मॉरिटानियाच्या किनाऱ्यावर पोचली तेव्हा वाळूत खोल बसलेल्या शिंपल्यांपर्यंत चोच पोचेना आणि जगण्याचं प्रमाण घटलं. बिघाड सायबेरियात, मरण आफ्रिकेत.

वर लेमिंगचं वेगळंच. ते हिवाळ्यात बर्फाखालच्या पोकळीत वाढतात. अवेळी पाऊस पडून बर्फाचा थर कडक झाला की ती पोकळी मिटते. नॉर्वेच्या काही भागांत आणि ईशान्य ग्रीनलंडमध्ये त्यांचा फेरा मंदावल्याचं नोंदलं गेलंय. सायबेरियातल्या वर्खोयान्स्कला २० जून २०२० रोजी ३८ अंश तापमान होतं. हा आकडा जुईनगरलाही घाम फोडेल.

११. भरतीसाठी अ‍ॅप हवंच असं नाही

कोकणात चालत आलेला ठोकताळा असा: तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा येतात, प्रत्यक्षात बाराच्या आसपास धरावं. खाडीत आत पाणी चढायला आणखी थोडा वेळ लागतो. करावेतल्या एका काकांनी हे मला बोटांवर करून दाखवलं, आणि वर सांगितलं की उधाणाला पाखरं तळ्यावर बघा, भांगेला चिखलावर. पक्षी मोजणाऱ्याला याहून नेमकी सूचना कुठल्या पुस्तकात मिळाली नसती.

१२. टुंड्रा आपल्या हातात नाही, तळ्याचा नळ आहे

काकांच्या त्या वाक्यातच सगळा प्रश्न आहे. उधाणाच्या भरतीत खाडीचा चिखल पाण्याखाली जातो. तेव्हा हजारो पक्ष्यांना चार-पाच तास टेकायला उथळ जागा लागते: टी. एस. चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेमागची आणि एनआरआय संकुलाजवळची तळी, भांडुपचं पंपिंग स्टेशन, उरणकडची पाणजे आणि बेलपाड्याची पाणथळ. बीएनएचएसने या जागा खाडीच्या उपग्रह पाणथळी म्हणून जपायला सांगितल्या आहेत. ठाणे खाडीला २०१५ मध्ये रोहित अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसरचा दर्जा मिळाला, पण या तळ्यांमध्ये भरतीचं पाणी आत येणाऱ्या वाटा बुजल्या तर त्या दर्जाचा पक्ष्याला उपयोग नाही. टेकायला जागा न मिळालेला थवा आकाशात घिरट्या घालत राहतो आणि एप्रिलमध्ये चढवलेली चरबी इथेच जाळतो.

२०२४ मध्ये नेरूळच्या एका तळ्यात भरतीचं पाणी येणं थांबलं आणि रोहित मेले. त्याची बातमी झाली. टिलवे तसे मरत नाहीत. ते दुसरीकडे जातात, आणि काही वर्षांनी इथे ते होते हेच कोणाला आठवत नाही. जुनी नोंद असेल तरच भांडता येतं. ‘टिटवी देखील समुद्र आटवते’ ही म्हण खरी करायला आधी वही लागते.

म्हणून एक विनंती. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी पौर्णिमा असते. भरती दुपारी बाराच्या सुमारास, तीही उधाणाची, आणि टुंड्राची पोरं आलेली असतात. विसर्जनाचा शीण असेल, तरी साडेदहाला सीवूड्स स्टेशनवर उतरा. पाणी चढताना थवे तळ्यावर येतील. वहीत दोन रकाने पाडा, एक मोठ्यांचा, एक खवलेदार पाठीच्या पोरांचा, आणि घरी जाऊन ईबर्डवर दोन्ही आकडे वेगवेगळे भरा. वयाची नोंद करायची सोय तिथे आहे. गमबूट घाला, कुत्रं असेल तर घरी ठेवा, आणि पुढच्या वर्षी त्याच तिथीला पुन्हा या.